जुदासची खुर्ची

त्या वर्षी आमच्या घरी पेजेत मीठ घालावं लागत नसे. तांदूळच खारट होता. आई पळीभर पेज तळहातावर घेऊन चाखायची आणि म्हणायची, "घ्या, देवानं मीठ घालूनच धाडलंय." धाकटा विचारायचा, "मग मासळी का न्हाय घालून धाडली?" त्यावर त्याला एक चापट मिळायची. तोंडी लावायला तेवढंच होतं.

खारट भात समुद्रातून आला नव्हता, पण समुद्रात जाऊन आला होता. आमचं गाव खाडीच्या काठी. एका अंगाला नारळी-पोफळी, दुसऱ्या अंगाला खार. खार म्हणजे समुद्राकडून मागून घेतलेली जमीन. मध्ये मातीचा बांध घालायचा आणि बांधात लाकडी फळ्यांचं एक दार ठेवायचं. त्या दाराला उघाडी म्हणतात. ओहोटीला फळ्या काढल्या की शेतातलं पाणी खाडीत उतरतं. भरतीच्या आत फळ्या बसवल्या की खाडी शेतात चढत नाही. शास्त्र एवढंच. पण त्यात चूक झाली, तर समुद्र आपली जमीन परत न्यायला येतो, आणि तो हिशेब विचारत बसत नाही.

उघाडीच्या फळ्या आमच्या घराण्याकडं होत्या. आजोबांनंतर बाबांकडं आल्या. बाबांचं नाव पास्कू. त्यांच्याकडं आणखी एक गोष्ट होती, घुमट. मडक्याच्या तोंडाला घोरपडीचं कातडं ताणलेलं, गळ्यात अडकवून वाजवायचं. पास्कूचं घुमट नसेल तर आमच्यात लग्न लागलं असं कुणी मानत नसे. पाद्री कितीही आशीर्वाद देवोत.

भात कापून शेतात वाळत पडलं होतं आणि खाडीपलीकडं बस्त्याव काकांच्या पुतण्याचं लग्न होतं. बाबांनी सकाळी फळ्या काढल्या, शेतातलं उरलंसुरलं पाणी सोडलं आणि होडीनं लग्नाला गेले. दुपारच्या भरतीआधी परत यायचं ठरलं होतं. दोनदा त्यांनी घुमट गळ्यातून काढलं, दोनदा मांडवातून आरोळी उठली, "पास्कू, अजून एक!" घुमट वाजवणाऱ्या माणसाला 'अजून एक' म्हणणं म्हणजे दारू पिणाऱ्याला 'अजून एक' म्हणण्यासारखंच. त्या दिवशी पौर्णिमा होती. भर दुपारी उधाण आलं.

ते मी डोळ्यांनी पाहिलं. भाताचे भारे एकेक करून उचलले गेले आणि सगळ्या गावाचं पीक तरंगत तरंगत चर्चच्या पायरीपर्यंत आलं. बायका गुडघाभर पाण्यात शिरून भारे धरत होत्या आणि त्या गडबडीतही "ह्यो माझा! माझ्या पेंढीची गाठ मला ठावं न्हाय व्हय?" म्हणून भांडत होत्या. बाबांची होडी अलीकडं लागली तेव्हा त्यांच्या गळ्यात घुमट तसंच होतं. ते काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण परवाचा राखेचा बुधवार. कपाळावर राख घेऊन बाहेर पडले आणि उन्हाच्या झळीत सुक्या शेवाळाचा, तापल्या मिठाचा वास आला. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासकाळ आमच्याकडं असाच येतो. आंबे कैरीत असतात, काजूच्या बोंडांचा उग्र वास सुटतो, कापणी झालेल्या खारीवर मिठाची पांढरी पापडी चमकते, आणि मुलांच्या परीक्षा तोंडावर येतात. मी आता ज्या शाळेत शिकवते तिथं मुली भूगोल पाठ करत व्हरांड्यात फेऱ्या मारतात. मी बी. ए. आहे. हे मुद्दाम सांगते, कारण गावात न सांगितलं तर लोक मला अजून 'पास्कूची थोरली' एवढंच म्हणतात.

त्या वर्षी मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, होते आणि देव्हाऱ्याखाली बसून अभ्यास करत होते. उपासकाळात चर्चमधल्या पुतळ्यांवर जांभळे पडदे पडतात, तसा आईनं घरातल्या सायबिणीवर, म्हणजे प्रभूच्या आईच्या मूर्तीवरही, माझ्या जुन्या परकराचा तुकडा टाकला होता. तुकड्यावर फुलं होती, पण रंग जांभळा होता. आईच्या मते देव रंग बघतो, फुलं बघत नाही.

खरं तर उपासकाळ हा आम्हां गरिबांना नेहमीच जरा गैरसोयीचा. पाद्री म्हणायचे, मांस सोडा. मांस आम्ही नाताळला पाहिलेलं. मासळी सोडायला सांगितली असती तर गावानं धर्म सोडला असता. त्या वर्षी आलेले फादर लोरेन्स वसईकडचे, तरुण, सडपातळ. प्रवचनात म्हणाले, "तुम्हाला जे सर्वांत प्रिय आहे त्याचा त्याग करा." बाबांनी घुमट खुंटीला टांगलं. बस्त्याव काकांनी विडी सोडली आणि चाळीस दिवस घरच्यांचा जीव नकोसा केला. त्यांची बायको म्हणायची, "उपास ह्यांचा, पण वधस्तंभ माझ्या खांद्यावर."

बस्त्याव काका बांधाचे म्होरके. भात बुडालं त्या आठवड्यात त्यांनी गावकी बसवली आणि बाबांना सांगितलं, "पास्कू, फळ्या दे हिकडं. ईस्टरपत्तूर तुझ्याशी कोण बोलणार न्हाय. ईस्टरच्या दुसऱ्या दिशी बांधाच्या वाटण्या व्हतील. तवा बघू, तुला हिस्सा द्यायचा का न्हाय."

वाटणी म्हणजे प्रत्येक घरानं बांधाचा आपापला तुकडा राखायचा. ज्याला बांधात हिस्सा नाही त्याच्या शेताला उघाडी नाही, आणि उघाडी नाही त्याला शेत असून नसल्यासारखं. म्हणजे मग आमच्यापुढं रेवसची बोट होती आणि मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उभा असलेला मामा. मामानं बाबांसाठी गोदीत हमाली पाहून ठेवली होती आणि माझ्यासाठी एका मडमेचं पोर. माझी अकरावी त्या पोराच्या पाळण्याला बांधली जाणार होती.

न बोलण्याची शिक्षा आमच्या गावाला झेपण्यासारखी नव्हती. बोलल्याशिवाय तिथं कुणाला जेवण जात नाही. त्यातून वाट काढली ती आमच्या कुत्र्यानं. बस्त्याव काका कुंपणापाशी येऊन त्याला सांगायचे, "सांग रे तुझ्या धन्याला, गाय माझ्या वाडीत शिरलीय." बाबा ओटीवरून कुत्र्याला म्हणायचे, "सांग काकाला, आदी कुंपण नीट कर." कुत्रा दोघांकडंही बघून सारखीच शेपटी हलवी. त्या काळात आमच्या गावात खरा ख्रिस्ती तेवढाच एक होता.

रोज संध्याकाळी क्रुसापाशी सगळं गाव प्रार्थनेला जमायचं. परमेश्वर बापाच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ येते: आम्ही इतरांना करतो तशी तू आम्हाला कर, या अर्थाची. त्या ओळीपर्यंत गावाचा आवाज खाडीपार जायचा. ओळ आली की तो एकदम खाली यायचा, जणू काही कुणी कंदिलाची वात उतरवली. आणि ओळ संपली की पुन्हा चढायचा. बाबा मात्र ती ओळ मोठ्यानं म्हणायचे. तेवढ्यापुरता त्यांचा एकट्याचाच आवाज ऐकू येई. आई घरी आल्यावर म्हणायची, "जरा हळू म्हणावं मानसानं. लोकांना वाटतं, तू त्यांनाच सांगतोस."

आणि आई आणखी एक गोष्ट रोज म्हणायची. "मांडवात 'अजून एक' म्हणून वरडलं कोण, त्ये सांग की चारचौघांत. एकट्याच्या मानंवर कशाला घेतलंस?"

"घुमट माझ्या गळ्यात व्हतं," बाबा म्हणायचे.

"आणि वरडणाऱ्याच्या गळ्यात काय व्हतं?"

"माडी व्हती. जेव आता."

दयेबद्दल मला त्या वेळी सगळं ठाऊक होतं. धर्मशिक्षणाच्या वर्गात दया म्हणजे काय, ती किती प्रकारची, हे मी घडाघडा सांगायचे आणि बक्षिसाची पवित्र चित्रं जमवायचे. माझ्या प्रार्थनापुस्तकात इतकी चित्रं होती की ते मिटत नसे. मात्र घरी आल्यावर मी बस्त्याव काकांना शाप द्यायचे, त्यांच्या सगळ्या नारळांना उंदीर लागोत म्हणून. उत्तरं पाठ असली आणि उंदीरही हवे असले की माणसाचं काय करायचं, हे पुस्तकात नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी वेगळंच लचांड उभं राहिलं. पवित्र गुरुवारी प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून पाद्री गावातल्या बारा पुरुषांचे पाय धुतात. आमच्याकडं वेदीच्या बाजूनं मानाप्रमाणं खुर्च्या मांडत. पहिली बस्त्याव काकांची, मग एकेका घरातल्या वडीलधाऱ्यांच्या. बारावी अगदी बाजूच्या दाराशी. ती जुदासची, प्रभूला पैशांसाठी विकणाऱ्या बाराव्या शिष्याची. कुणी तसं नाव दिलं नव्हतं, पण मोजता सगळ्यांना येत होतं. म्हणून त्या खुर्चीवर गावातलं कुणी बसत नसे. वर्षानुवर्षं पाद्रींचा गोव्याकडचा स्वयंपाकी मिंगेल तिथं बसायचा. परका माणूस, त्याला काय अब्रू, असा हिशेब.

त्या वर्षी मिंगेलनं बंड केलं. मिस्सेची उपासना संपताच सगळ्यांदेखत फादरना म्हणाला, "फादर, मी जेवण करतो, भांडी घासतो, घंटा वाजवतो. जुदासाचं काम पगारात न्हाय. बाजारात कोळीण मला 'ये रे जुदास' म्हणते आन् वर बोंबील म्हाग देते."

फादर गोंधळले. त्यांना या खुर्चीचा इतिहास ठाऊक नव्हता. "दुसरं कुणी बसेल का?" त्यांनी विचारलं.

बस्त्याव काका उठले. "मानूस हाय, फादर. ह्या साली कुणाला शोधाय नको." आणि त्यांनी बाबांकडं पाहिलंही नाही, शेजारच्या खांबाकडं पाहिलं. बाबांनी मान हलवली. खांबानं हलवली असती तरी गावाला तेवढंच समाधान झालं असतं.

घरी आई भडकली. "न्हाय जायाचं. सगळ्या गावानं मिळून तुला जुदास करायचा आन् मी बघत बसू?"

"कुणीतरी बसायलाच पायजे. न्हायतर बारा व्हत न्हाईत."

"मंग अकराच धुवा म्हणावं!"

"अगं, न बसलो तर सोमवारी वाटणीत बोलाय तोंड ऱ्हाईल का मला?" बाबा म्हणाले. म्हणजे त्यांनी सगळा विचार केला होता. आमचं शेत, माझी शाळा, मामाची गोदी, सगळं त्या एका खुर्चीवर येऊन बसलं होतं.

गुरुवारी दुपारी आईनं बाबांना पायरीवर बसवलं आणि नारळाच्या सोडणानं त्यांचे पाय घासले. माझ्या धर्ममातेनं दिलेला वासाचा साबण, जो कपड्यांच्या पेटीत केवळ वासासाठी ठेवलेला होता, तो तिनं त्या टाचांवर अर्धा संपवला. "जुदासाचे का आसंनात, माझ्या नवऱ्याचे पाय हायेत. चकचकीत दिसले पायजेत." गावात घरोघरी तोच कार्यक्रम चालू होता. पाय धुवायला जायचं म्हणजे आधी पाय धुवून जायचं, ही आमची रीत. पाद्रींच्या हाती घाण पाय कसे द्यायचे? त्यामुळं प्रभूच्या त्या सेवेत सेवेला काही उरतच नसे.

बाबा लग्नाची पांढरी विजार घालून आमच्या पुढं निघाले. नंतर आम्ही गेलो, तर चर्चमध्ये अकरा खुर्च्या भरलेल्या आणि बारावी रिकामी. लॅटिन गाणं सुरू झालं. आईचा चेहरा विझत चालला. मला वाटलं, बाबा रेवसच्या वाटेला लागले.

तेवढ्यात बाजूच्या दारातून बाबा आले. विजार गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, आणि गुडघ्यापासून खाली काळाकरडा, ओला, चकाकता चिखल. ते तसेच खुर्चीवर बसले. आईच्या तोंडून साबणाचं नाव निघालं.

नंतर जे झालं ते फादर नवे असल्यामुळं झालं. पाय कुठल्या टोकाकडून धुवायचे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती सांगायची कुणाच्या डोक्यात येत नाही. ते पाद्रीखोलीतून बाहेर आले ते बाजूच्या दाराशी, आणि समोर जी पहिली खुर्ची दिसली तिच्यापुढं त्यांनी गुडघे टेकले. ती बारावी होती.

अकरा प्रेषितांनी एकदम श्वास घेतला. बस्त्याव काका अर्धे उठलेसुद्धा. पण मिस्सेत पाद्रींना हाक मारायची सोय नाही. मिंगेलनं परात पुढं धरली. फादरनी बाबांचा पाय पाण्यात घेतला, आणि परातीतलं पाणी खाडी झालं. दुसरा पाय घेतला, तेव्हा तळ दिसेनासा झाला. मग रीतीप्रमाणं फादर वाकले आणि त्यांनी पायाचं चुंबन घेतलं. उठले तेव्हा त्यांच्या हनुवटीला चिखलाची दाढी आली होती.

"फादर, पाणी बदलू?" मिंगेल कुजबुजला. पुढच्या बाकावर आम्हाला स्वच्छ ऐकू आलं.

"दुसरं आहे?"

"विहिरीत हाय."

"मग राहू दे. गाणं संपत आलंय."

आणि त्याच पाण्यात, त्याच एका पंच्यानं, अकरा घासूनपुसून आणलेले पाय एकामागून एक बुडाले. गावातले सगळ्यांत मानाचे, सगळ्यांत स्वच्छ पाय. आत जाताना गोरे आणि बाहेर येताना करडे. बस्त्याव काकांची पाळी शेवटी आली. तोपर्यंत परातीत पाणी असं नव्हतंच. धाकट्याला हसू आवरेना म्हणून आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिचा दुसरा हात स्वतःच्या तोंडावर होता.

पण काका पायाकडं टक लावून पाहत राहिले. चिखल बोटांनी चोळला, नाकाशी नेला. खारीत जन्म गेलेल्या माणसाला चिखल परका नसतो. त्यांनी शेजारच्याच्या कानात काही सांगितलं. त्यानं पुढच्याच्या. असं कानोकानी होत होत ते बाबांपर्यंत पोचलं. "हा चिखल उघाडीजवळचा हाय. तिथं काय झालंय इचारा." बाबांचं उत्तर तसंच परत निघालं. "खेकड्याचं बीळ पडलंय. दुपारच्या भरतीला पाणी झिरपलं. पायानं दाबून आलोय, पण एकट्याचं काम न्हाय. रातचं उधाण मोठं हाय." ते ज्याच्या ज्याच्या कानी गेलं त्याचा त्याचा चेहरा बदलत गेला. गावानं बाबांशी पहिल्यांदा शब्द काढला होता, तोही भर मिस्सेत. आमचं कुत्रं त्या दिवशी बेकार झालं.

पवित्र गुरुवार नेहमी पौर्णिमेच्या आसपास येतो, म्हणजे उधाण असतंच. चर्चमधल्या प्रत्येक माणसाला ते ठाऊक होतं. मिस्सा संपताच बाहेर पडलो तर पायरीवर एकही प्रेषित नव्हता. पायताणं तेवढी होती.

फादर हनुवटी पुसत आले. "मिंगेल, बारा जण गेले कुठं?"

"बांधावर, फादर."

"आणि जुदास?"

"तोच पुढं हाय."

आम्ही बायकामुलंही मागोमाग गेलो. सूर्य बुडाला होता आणि नारळींच्या मागून तांबडा चंद्र वर येत होता. बांधावर बारा माणसं ओळीनं उभी राहून चिखल तुडवत होती. लग्नाच्या विजारी, इस्त्रीचे सदरे, कुणाच्या गळ्यात जपमाळ. खाली टोपल्यांनी माती चढत होती. बाबा आणि बस्त्याव काका शेजारी शेजारी होते. मी टोपली घेऊन पोचले तेव्हा काका समोर खाडीकडं बघत बोलत होते.

"पास्कू, त्या दिशी 'अजून एक' म्हणून वरडणारा मीच व्हतो."

"आयकलं व्हतं मी."

"मंग गावकीत बोलला का न्हाईस?"

"तुझ्या घरचं लगीन व्हतं."

काकांनी बिळाच्या तोंडावर टाच रोवली. मग म्हणाले, "हितं जोरात दाब." आणखी थोड्या वेळानं, "ईस्टरला घुमट आण."

"कातडं सैल पडलंय."

"मंग तापव की!" काका ओरडले. "घुमट तापवायलाबी माणसाला शिकवायचं का आता?"

त्या दोघांत एवढंच बोलणं झालं. क्षमा हा शब्द कुणी उच्चारला नाही. माझी पाठ केलेली एकही व्याख्या तिथं उपयोगाची नव्हती. पण त्यानंतर कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढं पाप सांगायला, जाताना मी एक गोष्ट शिकले: धुतलेले पाय घेऊन जायचं नाही. आपण नीट घासूनपुसून, वासाचा साबण लावून जे पाप सांगतो, त्याला देव बिचारा काय धुणार? आणि दुसरी गोष्ट, जी मला कॉलेजात तत्त्वज्ञानाच्या तासालाही कुणी समजावू शकलं नाही. आम्हाला वाटायचं, दया वरच्या खुर्चीवरून खालच्या खुर्चीकडं येते. त्या दिवशी ती दाराकडून आली आणि मानाच्या खुर्चीपर्यंत पोचता पोचता चांगली दाट झाली. त्या उंदरांचा शापही मी त्याच रात्री मागं घेतला. काकांच्या नारळांना त्या वर्षी उंदीर लागलेच, पण त्यात माझा हात नव्हता.

आता गावात काय झालंय ते सांगते. फादर लोरेन्स बदलून गेले, पण दाराकडून सुरुवात ही रीत झाली. नव्या पाद्रींना आम्ही अधिकारानं सांगतो, "आमच्याकडं असंच आसतं, पयल्यापासनं." आणि पाणी पहिल्याला स्वच्छ मिळतं हे लक्षात आल्यापासून जुदासच्या खुर्चीसाठी भांडणं लागतात. यंदा दोन सख्खे भाऊ त्यावरून बोलत नाहीत. मिंगेल म्हातारा झालाय; तो सगळ्यांना सांगतो की ती खुर्ची मूळची त्याची. बाबांना विचारलं तर म्हणतात, "कुठंबी बसवा. फक्त उधाणाचं बघून येऊ द्या."

त्या ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बांधाच्या वाटण्या झाल्या. आमच्या घराला हिस्सा मिळाला आणि उघाडीच्या फळ्या बाबांच्या हाती परत आल्या. बोटीनं कुणी येणार नाही असं मामाला कळवलं. मी अकरावी झाले, मग बी. ए. झाले, आमच्या गावातून पहिली. दोन-तीन पावसाळ्यांत खार धुऊन निघाली. आता आमच्या घरी पेजेत मीठ घालावं लागतं.